ऑनलाइन लिलावातील बंदूक आणि अमेरिकी कायदा

प्रश्न : अमेरिकेत ऑनलाइन लिलावात घेतलेली बंदूक थेट घरपोच मिळते काय?

उत्तर : सर्वसाधारणपणे नाही. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यामुळे परराज्यातील विक्रेत्याला बंदूक खरेदीदाराच्या राज्यातील संघीय परवानाधारक दुकानदाराकडे पाठवावी लागते. तेथे खरेदीदार ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरतो आणि पार्श्वभूमी तपासणीत, म्हणजे गुन्हे व अन्य अपात्रतेच्या नोंदींच्या पडताळणीत, अडथळा न आल्यासच बंदूक त्याच्या ताब्यात येते. १८९८पर्यंत बनलेल्या पुरातन बंदुकांना संघीय कायद्याची ही अट नसली, तरी राज्यांचे नियम निराळे असू शकतात. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील मराठी रहिवाशांनी बोलीपूर्वीच ध्यानात घ्यावे, की शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता त्यांनी बंदूक बाळगणे हाच गुन्हा ठरतो.