हातातील यंत्र आणि माणसाची सोय

भ्रमणध्वनी, ज्यास सर्वजण मोबाइल म्हणून ओळखतात, तो आज खेड्यापाड्यांतील घरांतही पोहोचला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेतील शिल्लक, हवामानाचा इशारा, शाळेची सूचना अशी अनेक कामे त्याच्या लहानशा पडद्यावरून चालतात. ज्याला हा पडदा वाचता व हाताळता येतो, त्याचे काम घरबसल्या होते. ज्याला ते साधत नाही, त्याला दुसऱ्याचे दार गाठावे लागते. आणि खेड्यात हे दार पुष्कळदा शाळेतील गुरुजींचे किंवा बाईंचे असते. पालक यंत्र पुढे करतो व म्हणतो, "गुरुजी, आम्ही अडाणी माणसं, तुम्हीच बघा."

या उद्गारामागे एक समजूत आहे. काम अडले तो दोष आपल्या अज्ञानाचा, असे पालक धरून चालतो. ही समजूत अनेक वेळा खरी नसते. पुष्कळदा दोष पडद्यावरील मांडणीत असतो, आणि त्याचे फळ मात्र गरिबाला भोगावे लागते. अर्ज अर्ध्यावर राहिला तर मुलीची शिष्यवृत्ती जाते. एक आकडा चुकला तर महिन्याची मजुरी परक्याच्या खात्यात जाते. चांगली मांडणी कशी सिद्ध होते आणि वाईट मांडणी कशी ओळखावी, हे शिक्षकाला माहीत असल्यास तो पालकाची अडचण नीट समजू शकेल व शाळेच्या स्वतःच्या सूचनाही सुलभ करू शकेल. हाच प्रस्तुत पाठाचा उद्देश होय.

आकड्यांच्या बटणांचा धडा

मोबाइलवर क्रमांक लावताना १, २, ३ हे आकडे वरच्या ओळीत दिसतात. हिशेबाच्या यंत्रावर, म्हणजे कॅल्क्युलेटरवर, वरच्या ओळीत ७, ८, ९ असतात. हा फरक बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. परंतु टेलिफोनवरील मांडणीमागे पद्धतशीर प्रयोग झालेले आहेत.

पूर्वी टेलिफोनला आकडे फिरवावयाची तबकडी असे. तिच्या जागी बटणे आणावयाचे ठरले, तेव्हा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बटणांच्या अनेक मांडण्या तयार करून त्या प्रत्यक्ष माणसांच्या हाती देण्यात आल्या. क्रमांक लावण्यास वेळ किती लागतो, चुका किती होतात आणि वापरणाऱ्यास कोणती मांडणी आवडते, याची मोजणी झाली. या प्रयोगांचा वृत्तान्त आर. एल. डायनिंजर यांनी १९६० साली प्रसिद्ध केला. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील दोन गावांत बटणांचा टेलिफोन ग्राहकांना मिळू लागला. कित्येक मांडण्यांत फरक थोडाच आढळला होता. तथापि निर्णय कोणाच्या अंदाजावर न सोडता मोजणीने घेतला गेला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. टेलिफोनची तार गेली, बटणेही काचेवर उमटू लागली, पण तीच मांडणी आजही कोट्यवधी लोकांच्या हातात आहे.

केनियातील प्रयोग

मोबाइलवरील सेवा लोकांना पाहून कशी घडवावी, याचे उत्तम उदाहरण पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशात मिळते. तेथे शहरात मजुरी करणारा माणूस गावाकडील कुटुंबास पैसे पाठवी ते टपालाने, ओळखीच्या माणसाबरोबर किंवा बसचालकाच्या हाती. खेड्यांतून बँकेच्या शाखा दूर असत. वाटेत पैसे हरवण्याची वा चोरीस जाण्याची भीती सदैव असे.

ऑक्टोबर २००५ मध्ये सफारीकॉम या टेलिफोन कंपनीच्या जाळ्यावर एक लहानसा प्रयोग सुरू झाला. त्यास ब्रिटिश सरकारच्या विकासनिधीचे व व्होडाफोन कंपनीचे साहाय्य होते. फाउलू नावाच्या, लहान कर्जे देणाऱ्या संस्थेच्या सुमारे ५०० कर्जदारांना त्यात घेतले होते. कर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरता यावेत, एवढाच मूळ हेतू होता. सेवेचे नाव 'एम-पेसा' असे ठेवले. 'एम' हे मोबाइलचे आद्याक्षर आणि 'पेसा' हा स्वाहिली भाषेतील पैशासाठीचा शब्द. आपल्या 'पैसा' या शब्दाचाच तो भाऊबंद होय.

प्रयोग चालू झाल्यावर चालकांनी लोकांच्या वागण्याकडे बारकाईने लक्ष दिले. कित्येक कर्जदारांनी त्यापूर्वी मोबाइलवरून लेखी संदेश कधी पाठवलाच नव्हता; त्यांना शिकवण्यास अपेक्षेपेक्षा अधिक श्रम पडले. काही जण गुप्त अंक विसरत. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. ज्या कामासाठी सेवा काढली होती त्याखेरीज भलतीच कामे लोक तिच्याकडून करून घेत होते. कोणी प्रवासास निघताना एका गावी रोकड जमा करी आणि दुसऱ्या गावी पोहोचल्यावर ती काढून घेई, म्हणजे वाटेत खिसा रिकामा राही. बँक लवकर बंद होत असल्यामुळे काही व्यापारी रात्रीपुरती रक्कम या सेवेत ठेवीत. अनेक जण एकमेकांस पैसे पाठवीत होते.

चालकांनी हा दुरुपयोग मानून तो बंद पाडला नाही. लोकांची खरी गरज कोणती, हे त्यातून त्यांनी ओळखले. मार्च २००७ मध्ये सेवा देशभर खुली झाली, तेव्हा कर्जाचा हप्ता बाजूस राहिला होता आणि 'पैसे घरी पाठवा' एवढाच साधा संदेश जाहिरातीत होता. पहिल्या वर्षातच दहा लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. तवनीत सुरी व विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, या सेवेमुळे केनियातील सुमारे १,९४,००० कुटुंबे दारिद्र्यातून वर आली.

ही सुलभता कशामुळे आली? सेवेची यादी सिमकार्डातच घातलेली असल्यामुळे ती अगदी स्वस्त यंत्रावरही चाले. पडदा एका वेळी एकच गोष्ट विचारी: प्रथम घेणाऱ्याचा क्रमांक, मग रक्कम, मग गुप्त अंक. व्यवहार पुरा होताच देणारा व घेणारा दोघांनाही संदेश जाई. रोकड भरण्याकाढण्यासाठी गावातील दुकानदार असे, आणि त्याच्या वहीत ग्राहकाची सही होई. यंत्र नवे असले तरी दुकान, वही व सही या गोष्टी ओळखीच्या होत्या. नव्यावर विश्वास बसण्यास जुन्याचा हा आधार फार उपयोगी पडला.

चूक कोणाची?

तरीही एक मोठा दोष पुष्कळ वर्षे राहिला होता. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर क्रमांक व रक्कम दिसे, पण घेणाऱ्याचे नाव दिसत नसे. नाव कळे ते पैसे गेल्यानंतरच्या संदेशात. एखादा आकडा चुकीचा दाबला गेला की रक्कम अनोळखी माणसाकडे जाई. 'काळजीपूर्वक क्रमांक लिहावा' असा उपदेश करणे सोपे होते. परंतु उपदेशाने बोटे चुकावयाची थांबत नाहीत. २०१५ च्या सुमारास पैसे जाण्यापूर्वीच घेणाऱ्याचे नाव दाखवण्याची सोय झाली. तिला 'हाकिकिशा', म्हणजे 'खात्री करून घ्या', असे नाव दिले. लोक पूर्वीचेच होते. बदलली ती मांडणी.

भारतात २०१६ पासून चालू असलेल्या यूपीआय व्यवहारातही रक्कम देण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव पडद्यावर येते. ते मोठ्याने वाचून मगच पिन घालावा, ही सवय शिक्षकांनी पालकांस लावावी. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हेही त्याच वेळी बजावून सांगावे.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे इष्ट होय. एम-पेसा ही सेवा २०१३ साली भारतातही आणली गेली, पण २०१९ मध्ये ती बंद झाली. एका देशात यशस्वी ठरलेली सेवा जशीच्या तशी दुसरीकडे नेल्याने यश येतेच असे नाही. अनुकरण करावयाचे ते लोकांना पाहण्याच्या पद्धतीचे.

पडद्याच्या कसोट्या

मोबाइलवरील कोणताही अर्ज वा सेवा तपासताना पुढील कसोट्या लावाव्यात.

१. एका पडद्यावर एकच काम असावे. दहा प्रश्न एकदम विचारल्यास नवखा माणूस पहिल्यावरच थबकतो.

२. शब्द लोकांच्या तोंडचे असावेत. 'माहिती अवैध आहे' असे वाचून कोणालाच काही कळत नाही. 'मोबाइल क्रमांकात १० आकडे हवेत, तुम्ही ९ लिहिले आहेत' असे म्हटले की चूक लगेच सुधारते.

३. दाबावयाची जागा बोटाच्या मानाने असावी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली दाखवून दिले की लक्ष्य जितके मोठे व जवळ, तितका हात तेथे लवकर पोहोचतो. पडद्यावरील बटण सुमारे ९ मिलिमीटर रुंद व तितकेच उंच असावे, असा आजचा एक रूढ संकेत आहे. 'पाठवा' आणि 'पुसून टाका' ही बटणे एकमेकांस खेटून नसावीत.

४. अक्षरे उन्हातही वाचता यावीत. फिकट पार्श्वभूमीवरील करडी अक्षरे शेताच्या बांधावर दिसत नाहीत. केवळ तांबड्या व हिरव्या रंगाने अर्थ सांगू नये, कारण काहींना या रंगांतील फरक ओळखता येत नाही. रंगाच्या जोडीला शब्दही असावा.

५. काम झाले की नाही, याचे उत्तर लगेच मिळावे. उत्तर न मिळाल्यास माणूस तेच बटण पुनःपुन्हा दाबतो.

६. मागे फिरण्याची वाट असावी, आणि नेटवर्क तुटले तरी भरलेली माहिती नाहीशी होऊ नये.

शाळेतील उपयोग

या कसोट्या केवळ शहरातील कारागिरांसाठी आहेत असे समजू नये. पालकांस मोबाइलवर सूचना धाडणारा शिक्षकही एका परीने मांडणी करीतच असतो. 'सर्व संबंधित पालकांस याद्वारे कळविण्यात येते की' अशी सुरुवात केली, तर दिवस व वेळ येईपर्यंत वाचणाऱ्याचे लक्ष उडते. मुख्य गोष्ट प्रथम यावी.

साध्या लेखी संदेशात रोमन लिपीची १६० चिन्हे मावतात, पण देवनागरीची सामान्यतः ७० च. त्यात काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षरातील हलन्त ही सर्व वेगवेगळी मोजली जातात; 'शाळा' या शब्दाची चार चिन्हे होतात आणि 'पुस्तक' याची सहा. पुढील सूचना पाहावी: 'शनिवार, सकाळी ९: शाळेत पालकसभा. येताना बँकेचे पासबुक आणावे.' मोकळ्या जागा धरूनही ही सुमारे ६० चिन्हांत बसते, आणि केव्हा, कोठे, कशासाठी व काय घेऊन, या चारही प्रश्नांचे उत्तर तीत आहे.

सूचना सर्वांस धाडण्यापूर्वी ती दोन-तीन पालकांस दाखवावी. 'समजले का?' असे विचारू नये, कारण भिडेपोटी सर्वजण 'हो' म्हणतात. 'हे वाचून तुम्ही काय कराल?' असे विचारावे आणि गप्प राहून ऐकावे. पालक कोठे अडखळतो तेथे खूण करावी व तो भाग बदलावा. अर्ज भरून देतानाही यंत्र लगेच आपल्या हाती घेऊ नये. पालकाच्याच बोटाने काम होऊ द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी त्याला धीर येतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर आवाजात पाठवावा. ज्या घरी मोबाइल नाही, किंवा तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरासाठी फळ्यावरील सूचना व मुलाच्या हातची चिठ्ठी चालू ठेवावी. केनियातील दुकानदाराची वही हेच सांगते.

वर्गात मूल चुकले की उत्तम शिक्षक प्रथम आपला प्रश्न नीट होता की नाही ते पाहतो. यंत्राच्या बाबतीतही हाच न्याय लावावा. 'तुम्ही अडाणी नाही, ही मांडणीच अवघड आहे' एवढे शब्द शिक्षकाने उच्चारले, तर पालक पुढच्या वेळी स्वतः प्रयत्न करील. आणि आपले काम आपल्या हाताने करता येणे, हेच तर शिक्षणाचे मोठे फळ होय.

स्वाध्याय

१. शाळेने गेल्या महिन्यात पाठवलेली एखादी सूचना घ्यावी व ती ७० चिन्हांत बसवून पाहावी.

२. एका पालकास शिष्यवृत्तीचा वा बँकेचा पडदा हाताळताना न बोलता पाहावे. तो कोठे थांबला, त्याची टिपणे काढून केंद्राच्या सभेत चर्चा करावी.

३. इयत्ता पाचवीच्या मुलांकडून कागदावर १ ते ९ आकड्यांच्या दोन निरनिराळ्या मांडण्या काढून घ्याव्यात. दहा आकडी क्रमांक दोन्हींवर बोटाने दाखवण्यास लागणारा वेळ व होणाऱ्या चुका मोजून त्यांचा तक्ता करावा.