आधी दस्ता, मग रायफल

सेकंडहँड मोटारसायकल घ्यायला निघालेल्या पोराला घरची मोठी माणसं ‘ॲव्हरेज किती देते?’ हे नंतर विचारतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘पार्ट मिळतात का रे?’ गाडी कितीही छान असली, तरी तिचा क्लचप्लेट मागवायला दोन महिने लागणार असतील तर ती दारात उभी राहण्यापलीकडे काही कामाची नाही. हा अगदी देशी शहाणपणाचा प्रश्न अमेरिकेत रायफल विकत घेणारा माणूसही विचारतो. फरक इतकाच की तो मोडलेल्या पार्टबद्दल नव्हे, तर नव्याकोऱ्या रायफलच्या दस्त्याबद्दल विचारत असतो. मेकॅनिकल, प्रॉडक्शन आणि मटेरियल सायन्स या तिन्ही विषयांचा इथे चांगला सराव होतो, म्हणून हा विषय निवडला.

दस्ता करतो काय?

बोल्ट ॲक्शन रायफलचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एक म्हणजे धातूचा भाग : रिसीव्हर, त्याला जोडलेली नळी, बोल्ट आणि ट्रिगर. दुसरा भाग हा सगळा ऐवज धरून ठेवणारा दस्ता. इंग्रजीत त्याला स्टॉक म्हणतात. दस्त्याला तीन कामं असतात.

पहिलं काम, धातूचा भाग दर वेळी त्याच जागी, त्याच ताणाखाली घट्ट धरणं. दुसरं काम, धक्का खांद्यापर्यंत पोचवणं. न्यूटनचा तिसरा नियम इथे अक्षरशः खांद्यावर बसतो. रिसीव्हरखाली रिकॉइल लग नावाचा एक पोलादी तुकडा असतो. तो दस्त्यातल्या खाचेला टेकतो आणि सगळा धक्का त्या इवल्याशा पृष्ठभागातून जातो. तिसरं काम, माणसाच्या अंगाला बसणं. ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर कारखान्यात साधारण साडेतेरा इंच ठेवतात. ते सरासरी पुरुषासाठी ठीक असतं. बुटक्या माणसाला, मुलीला किंवा जाड कोट घातलेल्या शिकाऱ्याला ते लांब पडतं. दुर्बीण बसवली की डोळा वर उचलावा लागतो, मग गाल दस्त्याला टेकत नाही आणि नेम हलतो.

बदलायचा कशाला?

स्वस्त रायफलचा दस्ता म्हणजे बहुतेक वेळा इंजेक्शन मोल्डिंगचा पोकळ प्लास्टिक दस्ता. पुढचा भाग बायपॉडवर टेकवला की तो वाकतो आणि नळीला चिकटतो. नळी मोकळी असणं महत्त्वाचं, कारण गोळी सुटताना ती कंप पावते. दर वेळी वेगळ्या जागी स्पर्श झाला की गोळ्या वेगवेगळ्या जागी पडणार, हे व्हायब्रेशनचा पेपर दिलेल्या कुणालाही सांगायला नको.

लाकूड दिसायला देखणं, पण ते ओलावा पितं. अमेरिकन मरीन कोअरने १९६६ साली रेमिंग्टन ७०० वर आधारलेली एम ४० ही स्नायपर रायफल घेतली, तेव्हा तिचा दस्ता लाकडी होता. व्हिएतनामच्या दमट हवेत तो फुगायचा, पिळायचा आणि नेम सरकायचा. म्हणून १९७० च्या दशकात एम ४०ए१ मध्ये मॅकमिलनचा फायबरग्लास दस्ता आला. पुढे १९८८ साली लष्कराने एम २४ स्वीकारली, तिच्या कंपोझिट दस्त्यात ॲल्युमिनियमचा ठोकळाच बसवलेला होता. थोडक्यात काय, धातू तोच आणि दस्ता बदलला की हत्यार सुधारतं, हे लष्कराने दाखवलं. साध्या गिऱ्हाइकाने तो धडा उचलला.

भाव आणि त्यामागचं गणित

अमेरिकेतल्या बाजारभावाचा ढोबळ अंदाज असा : लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला लॅमिनेट दस्ता दीडशे ते तीनशे डॉलर. मॅगपुल कंपनीचा ‘हंटर ७००’ हा ॲल्युमिनियम ठोकळ्यासह मोल्डेड दस्ता २०१६ च्या सुमारास सुमारे २६० डॉलरला आला. हाताने थर देऊन केलेला फायबरग्लास सहाशेपासून हजारापर्यंत. ॲल्युमिनियमची चॅसिस चारशेपासून सुरू होते आणि दीड हजाराच्याही पुढे जाते. म्हणजे कधी कधी दस्ता रायफलपेक्षा महाग पडतो!

आता खरा प्रश्न. एका रायफलसाठी पन्नास प्रकारचे दस्ते मिळतात आणि दुसऱ्या तितक्याच चांगल्या रायफलसाठी दोनच, असं का? उत्तर प्रॉडक्शनच्या पुस्तकात आहे. समजा, साचा करायला एक लाख डॉलर लागले. पन्नास हजार दस्ते खपले तर नगामागे साच्याचा खर्च दोन डॉलर. पाचशेच खपले तर नगामागे दोनशे डॉलर. प्लास्टिक तेच, मशीन तेच, पण गिऱ्हाइकं कमी म्हणून भाव आकाशाला. म्हणून कमी खपाच्या रायफलसाठी कुणी साचा करत नाही. तिथे सीएनसीवर किंवा हाताने केलेला महाग दस्ता मिळतो, तोही ऑर्डर देऊन कित्येक महिने थांबलात तर.

खाचेचं राजकारण

रिसीव्हरच्या खालच्या बाजूचा आकार, स्क्रूमधलं अंतर आणि लगची जागा या तिन्हींना मिळून अमेरिकेत ‘फुटप्रिंट’ म्हणतात. आपण मराठीत ‘पायठसा’ म्हणू. आपल्याकडे असेंबल्ड कॉम्प्युटर बांधताना मदरबोर्ड एटीएक्स असला की कुठल्याही एटीएक्स कॅबिनेटमध्ये बसतो, तसाच हा प्रकार.

रेमिंग्टन ७०० बाजारात आली १९६२ साली. तिचा रिसीव्हर गोल आहे, म्हणजे लेथवर सहज होणारा. रिकॉइल लग ही वॉशरसारखी वेगळी चकती, नळी आणि रिसीव्हरच्या मध्ये दाबून बसवलेली. खाली पाव इंची, इंचाला २८ आट्यांचे दोन स्क्रू. कारखान्याने हे केलं पैसे वाचवायला. पण त्याचा दुसरा फायदा असा झाला की गोल आकारासाठी दस्ता कोरणं बाहेरच्या लोकांनाही सोपं गेलं. रायफली लाखोंनी खपल्या, म्हणून दस्ते आले. दस्ते आले, म्हणून आणखी गिऱ्हाइकं आली. मग दुसऱ्या कंपन्याही तोच पायठसा वापरू लागल्या. स्पेनच्या बर्गाराची बी-१४ हे त्याचं उत्तम उदाहरण.

उलट उदाहरणंही बघू. सॅव्हेज ११० ही १९५८ पासूनची नावाजलेली रायफल, पण तिच्या घराण्यात मॅगझिनच्या प्रकारानुसार स्क्रूमधलं अंतर वेळोवेळी बदललं. म्हणून गिऱ्हाइकाला आधी पट्टी घेऊन मोजावं लागतं. फिनलंडची टिक्का टी३ २००३ साली आली. तिचा रिकॉइल लग रिसीव्हरला नाही, दस्त्यात बसवलेला असतो. रचना हुशारीची, पण दस्ता तिच्यासाठीच वेगळा करावा लागतो. जपानची होवा १५०० मजबूत आणि किफायतशीर, पण तिचा तळ सपाट, तेव्हा ७०० चा दस्ता तिला चालत नाही. दुसऱ्या टोकाला .२२ बोअरची रुगर १०/२२, जन्म १९६४. एक स्क्रू आणि नळीवरचा एक पट्टा सोडला की दस्ता हातात! स्क्रूड्रायव्हर धरता येणारा कुणीही तो बदलू शकतो, म्हणून तिच्या दस्त्यांची दुकानात रांग लागते.

कायद्याचाही हातभार आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार ‘बंदूक’ म्हणजे फ्रेम किंवा रिसीव्हर. सुटा दस्ता सहसा परवान्याच्या कक्षेत येत नाही, तो टपालाने घरी येतो. काही राज्यांचे स्वतःचे निर्बंध आहेत, ते वेगळे. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. तेव्हा कुणी हौशी मित्राने हॉस्टेलच्या पत्त्यावर पार्सल मागवायचा विचारही करू नये!

हिशोब करून बघू

धरून चालू की तीन रायफली समोर आहेत. ‘अ’ सर्वमान्य पायठशाची, ७०० डॉलर. ‘ब’ स्वस्त, ४५० डॉलर. ‘क’ चांगल्या ॲडजस्टेबल दस्त्यासहच येणारी, ११०० डॉलर.

अ ला २६० चा दस्ता घातला तर ९६० झाले. जुना दस्ता ६० ला विकला, म्हणजे ९००. ब साठी मिळणारा एकमेव दस्ता ६०० चा, म्हणजे १०५०, शिवाय पाच महिने वाट पाहणं. शिकारीचा हंगाम शरद ऋतूत आणि दस्ता हातात जानेवारीत! क मध्ये कटकट नाही, पण अ पेक्षा २०० जास्त. यात जो माणूस ‘साडेचारशेची स्वस्त’ म्हणून ब घेऊन मोकळा झाला, तोच शेवटी महागात गेला.

पण थांबा, ज्याला दस्ता बदलायचाच नाही त्याच्यासाठी ब हीच सगळ्यात स्वस्त. वर्षातून चार गोळ्या झाडणाऱ्याने पन्नास पर्यायांचे पैसे का मोजावेत? उलट डावखुरा किंवा लहान चणीचा नेमबाज असेल तर उपलब्धता हा त्याचा पहिला निकष. त्याच्यासाठी मुळात पर्यायच मोजके असतात. आणि दस्ता नक्की बदलायचाच असेल तर काही कंपन्या, उदाहरणार्थ होवा, नुसता नळीसह रिसीव्हर विकतात. नको असलेल्या दस्त्याचे पैसे वाचतात.

छुपे खर्चही मांडायला हवेत. नळी जाड असेल तर दस्त्याची पन्हळ रुंद हवी. चॅसिसला बऱ्याचदा वेगळं मॅगझिन लागतं. लाकडी किंवा फायबरच्या दस्त्यात रिसीव्हर नीट बसवायला इपॉक्सीचं बेडिंग करावं लागतं. स्क्रू ठरलेल्या टॉर्कला आवळावे लागतात, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बहुधा ६५ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे ७.३ न्यूटन-मीटर. ‘हाताला लागेल तेवढं’ हे वर्कशॉपमधलं माप इथे चालत नाही.

दस्त्याचं महत्त्व पटत नसेल तर आपल्या कोल्हापूरकडे बघा. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. या प्रकारात गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून अशा तीन अवस्थांत नेम धरायचा असतो. धातू तोच, पण प्रत्येक अवस्थेत गालाची पट्टी आणि खांद्याची प्लेट वेगळी जुळवावी लागते. नेमबाजाच्या अंगाशी रायफलचं नातं जुळतं ते दस्त्यामार्फत.

एक इशारा

पार्ट भरपूर मिळतात म्हणजे वस्तू निर्दोष, असं नाही. २००६ ते २०१४ या काळातले एक्समार्क प्रो ट्रिगर रेमिंग्टनला २०१४ मध्ये परत बोलवावे लागले, कारण ट्रिगर न दाबता गोळी सुटण्याचा धोका होता. दस्ता आवडला म्हणून रायफल घेणाऱ्याने ट्रिगरचा इतिहासही तपासावा. क्रम असा हवा : आधी सुरक्षितता, मग अंगाला बसणं, मग एकूण खर्च आणि शेवटी रंगरूप.

आणि आपल्यासाठी मोठा धडा पुढेच आहे. रेमिंग्टन कंपनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, तिचे तुकडे विकले गेले. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा जुना कारखाना २०२४ मध्ये बंद पडला, तिथल्या कामगारांच्या पिढ्यांचं काम गेलं. पण दोन स्क्रू, एक चकती आणि गोल तळ यांनी बनलेला तो पायठसा दुसऱ्यांच्या कारखान्यांत आजही तयार होतो आहे. कंपनीला तो वाचवू शकला नाही, गिऱ्हाइकाला मात्र वाचवतो. साठ वर्षांपूर्वीच्या रायफलला आज नवा दस्ता मिळतो.

तेव्हा फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये एखादं माउंटिंग ब्रॅकेट काढताना भोकांमधलं अंतर मनाला येईल तसं ठेवू नका. आधी बाजारात काय चालतं ते बघा. तुमचं यंत्र पुढे कोण दुरुस्त करणार, कोण सुधारणार, हे त्या दोन भोकांवर ठरतं.