शून्याला न टेकलेला काटा

ओहायोतल्या झीनिया गावी दर मे महिन्यात हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम मंडळींची, जत्रा भरते. नाव हॅमव्हेन्शन, २०१६पर्यंत ती डेटनला भरायची. नवी यंत्रं आत दालनांत असतात. खरी मौज बाहेर, जिथे म्हातारे हॅम गाडीची डिकी उघडून आपला चाळीस-पन्नास वर्षांचा संसार विकायला मांडतात. पुणं सोडून तिकडे स्थायिक झालेल्या प्रस्तुत लेखकाने तिथूनच एक हीथकिट एसबी-२२० अॅम्प्लिफायर घरी आणला. ‘उत्तम चालायचा, वीसेक वर्षं गॅरेजात पडून आहे,’ असं विकणारा म्हणाला. लेखकाच्या कानांनी स्वल्पविरामापर्यंतचंच ऐकलं.

मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची हीथकिट कंपनी सुटे भाग आणि पुस्तिका विकायची. जोडणी गिऱ्हाइकाने घरी करायची. त्यामुळे अशा प्रत्येक अॅम्प्लिफायरचं झाळकाम वेगळ्या हाताचं. एसबी-२२०मध्ये ३-५००झेड जातीचे दोन व्हॉल्व्ह असतात आणि त्यांच्या अॅनोडला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. ते साठवायला २०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे आठ इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकापाठोपाठ एक जोडलेले, आणि प्रत्येकाच्या दोन टोकांना ३० हजार ओहमचा एकेक ब्लीडर रेझिस्टर. भरलेल्या साखळीत सव्वाशे जूलच्या आसपास ऊर्जा असते. थरथरणारं हृदय ताळ्यावर आणायला रुग्णालयात जो झटका देतात, तो साधारण याच पल्ल्यातला.

लेखकाने धूळ झटकली, प्लग लावला आणि सरळ बटण दाबलं. फिलामेंट उजळले, मीटरचा काटा चढला, पंधरा-वीस मिनिटं सगळं झकास. मग फाट! आत कपॅसिटर फुटला होता आणि खोलीभर जळक्या माशासारखा वास. प्लग काढला. इथवर मूर्खपणा झाला तरी नेहमीचाच. काटा खाली आला, पण शून्याच्या किंचित वर थबकला. जुना मीटर, अडकत असेल, असं लेखकाने स्वतःला समजावलं. पाच मिनिटं थांबून वायर जोडलेल्या काठीने साखळीचं वरचं टोक चॅसीला क्षणभर टेकवलं. बारीक ठिणगी उडाली. झालं, रिकामं! म्हणून स्क्रूड्रायव्हर आत घातला, तो फुटक्या कपॅसिटरच्या दोन्ही स्क्रूंना एकदम लागला आणि दुसरा फाट झाला. पात्याला खळगा पडला. मूठ प्लॅस्टिकची होती.

पुढच्या रविवारी शेजारगावचे एक वयस्क हॅम आले. नवशिक्याला हाताशी धरणाऱ्या अशा गुरूला तिकडे ‘एल्मर’ म्हणतात. त्यांनी भिंग लावून दाखवलं: त्या कपॅसिटरच्या ब्लीडरचं एक टोक झाळलेलंच नव्हतं, वायर नुसती गुंडाळलेली होती. ब्लीडरची कामं दोन. आठही कपॅसिटरांत व्होल्टेज समान वाटायचं, आणि यंत्र बंद झाल्यावर ते निचरून टाकायचं. बाकीचे सात आपापल्या रेझिस्टरमधून थोडे थोडे रिकामे होत, वरून पुन्हा भरत. आठव्याला निचराच नव्हता. तो चढत चढत ४५० ओलांडून गेला आणि फुटला. बंद केल्यावर सात जण निमूट शून्यावर आले, हा मात्र भरलेलाच राहिला. काटा अडकला नव्हता, खरं सांगत होता.

आणि काठी? ती क्षणभर टेकवल्याने आठव्यातला थोडा विद्युतभार शेजाऱ्यांत सरकला, एवढंच. बहुतेक व्होल्टेज होतं तिथेच. म्हणून एल्मरांचा दंडक असा, की काठी टेकवायची ती चिमट्याने लावून तशीच ठेवायची, आणि मग मल्टिमीटरने आठही कपॅसिटर एकेक करून मोजायचे. हे मोजमाप प्लग काढल्यानंतरचंच. चालू यंत्राचे ३,००० व्होल्ट साध्या मल्टिमीटरने मोजू नयेत. तो बहुधा हजारापर्यंतचाच असतो.

आठही कपॅसिटर आणि आठही रेझिस्टर बदलले. नवे रेझिस्टर एक लाख ओहमचे घेतल्याने तापत कमी होते, पण निचऱ्याला आधी अर्धं मिनिट लागे, तिथे आता पावणेदोन मिनिटं धरावी लागतात. व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या वायरीत दहा ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टरही बसवला. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या व्हॉल्व्हमध्ये वायू शिरलेला असू शकतो. आत ठिणगी पडली तर साखळीतला सगळा साठा एका झटक्यात धावतो, त्याला हा लगाम.

दुसऱ्यांदा चालू करताना व्हॉल्व्ह काढून ठेवले होते आणि झाकण बंद होतं. आपल्याकडचे वायरमन वापरतात तसा सिरीज बोर्ड पुढे होता, शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा. बल्ब भक्कन पेटून मंद झाला म्हणजे ठीक. लख्ख राहिला असता तर आत कुठेतरी शॉर्ट. मग डिमरस्टॅटवर व्होल्टेज थोडं थोडं चढवत दोन तास. पंखा फिरतोय याची खात्री झाल्यावरच व्हॉल्व्ह बसवले, कारण ३-५००झेडला नुसत्या फिलामेंटवरसुद्धा हवा लागते. प्रत्येक फिलामेंट पाच व्होल्टवर साडेचौदा अँपिअर ओढतो. ट्रान्समिट करताना अॅनोड मंद लाल झाला की घाबरू नये, त्याचा स्वभावच तो.

असं यंत्र कुणी मुंबई-पुण्याला आणणार असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची जोडणी आधी उघडून पाहावी. अमेरिकेत ती १२० व्होल्टसाठी केलेली असू शकते, आणि आपल्या २३०च्या सॉकेटात ती दुसरी संधी देत नाही. भारतात जनरल श्रेणीच्या परवान्यालाही ४०० वॉटची मर्यादा आहे, तेव्हा या पठ्ठ्याला अर्ध्या ताकदीहूनही खाली पळवावं लागेल. शिवाय त्याच्या रिलेच्या वायरीवर शंभराहून अधिक व्होल्ट डीसी असतं. आजकालचा ट्रान्सीव्हर थेट जोडला तर त्याचा कीइंगचा भाग जळतो. मध्ये छोटं इंटरफेस सर्किट लागतं. लेखक तेही विसरणार होता. एल्मरांनी कोट घालता घालता विचारलं, म्हणून ट्रान्सीव्हर वाचला.