सापाची कात अडकली, तर...

हिवाळ्यात मी स्टेट कॉलेजला लेकीकडे होते. नातवाने कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप पाळला आहे. एके दिवशी सापाचे डोळे दुधाळ झाले, तो खाईनासा झाला. "डॉक्टरकडे ने," मी म्हटले. "आजी, कात टाकायच्या आधी असंच होतं," नातू म्हणाला. खरेच, डोळे निवळले आणि काही दिवसांनी कात निघाली. पण तुकड्यातुकड्यांनी, आणि शेपटीला एक कडे राहिले. हीटरमुळे घरातली हवा कोरडी पडली होती. ओलसर शेवाळ भरलेला डबा पेटीत ठेवला, तसे दोन दिवसांत कडे सुटले.

एवढ्यासाठी डॉक्टर नको. मात्र कडे सुटलेच नाही, तर रक्तपुरवठा थांबून शेपटीचे टोक झडू शकते. डोळ्यावरची कात राहिली तर चिमट्याने ओढू नये. डोळ्याला इजा होते. अशा वेळी सापांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठावा. साप तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, नाकातोंडातून फेस येत असेल, तर उशीर करू नये.

आता आपल्याविषयी. निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि ६५ वर्षांपुढच्यांना त्यांचा धोका जास्त. साप किंवा त्याची पेटी हाताळली की साबणाने हात धुवावेत.