संगणकाच्या पोटांतील घड्याळ

लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं पूर्वीं घटिकापात्र वापरीत, हें तुम्हीं वडील माणसांच्या तोंडून ऐकिलें असेल. तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे 24 मिनिटें, झाली असें समजावयाचें. छिद्रांत गाळ बसला तर वाटी उशिरां बुडे आणि मुहूर्त टळून जाई. भास्कराचार्यांच्या लीलावतीची जी आख्यायिका सांगतात, तींतही छिद्रांत मोतीं अडकल्यामुळेंच घात झाला. वाटी दिसावयास नेहमींसारखीच होती. दोष मात्र डोळ्यांआड होता. आज शाळेंत व घरोघरीं जो संगणक आला आहे, त्याच्या घड्याळाचीही अशीच गोष्ट आहे.

संगणकांत घड्याळें दोन असतात. एक, यंत्र चालू असतांना चालणारें. दुसरें, यंत्र बंद असतांनाही अहोरात्र जागें राहणारें. या दुसऱ्यास एका चपट्या सेलची शक्ति मिळते. बहुधा त्यावर 'सीआर 2032' असें लिहिलेलें असतें; म्हणजे व्यास 20 मिलिमीटर व जाडी 3.2 मिलिमीटर. यंत्र सुरू होतांच पहिलें घड्याळ दुसऱ्यास वेळ विचारतें व तेथून पुढें मोजूं लागतें. म्हणून मूळ घड्याळ चुकलें तर सारेंच चुकलें.

या घड्याळांत लंबक नसतो. गारेच्या जातीचा क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो. विजेच्या योगानें तो एका सेकंदांत 32,768 वेळां कंप पावतो. ही संख्या सहज निवडलेली नाहीं. तिला दोनानें पंधरा वेळां भागून पाहा. उत्तर बरोबर एक येतें, आणि तोच आपला सेकंद. परंतु कोणताही स्फटिक अगदीं तंतोतंत कापला जात नाहीं. दहा लाख सेकंदांत वीस सेकंदांची चूक ही सामान्य गोष्ट समजली जाते. दिवसाचे सेकंद 86,400. तेव्हां ही चूक दररोज सुमारें पावणेदोन सेकंद व महिन्यास जवळजवळ 52 सेकंद होते.

त्यांत उष्णतेची भर पडते. असा स्फटिक सुमारें 25 अंश सेल्सिअसला सर्वांत जलद चालतो. त्याहून ऊन असो कीं थंडी, तो मंदावतोच. आपल्या यवतमाळकडील वैशाखाचें ऊन सर्वांच्या परिचयाचें आहे. स्फटिकास सतत 45 अंशांची उष्णता लागली, तर तो दिवसास सुमारें सव्वा सेकंद अधिक मागें पडतो.

येथें कोणी विचारील, मागें पडतो तो कोणाच्या मागें? सूर्याच्या म्हणावें तर यवतमाळ सुमारें 78 अंश 8 कला पूर्व रेखांशावर आहे आणि भारताची प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंशांवरून धरतात. एका अंशास चार मिनिटें, म्हणून आपली स्थानिक सरासरी वेळ प्रमाण वेळेच्या सुमारें साडेसतरा मिनिटें मागें आहे. 1906 सालीं ही प्रमाण वेळ सुरू झाली, तरी मुंबई शहरानें आपली निराळी वेळ, जी 39 मिनिटांनीं मागें होती, 1955 पर्यंत चालविली. आतां मात्र सर्व देशाची वेळ एकच असून ती नवी दिल्लींतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियमच्या आणवीय घड्याळांवरून ठेविते. सीझियमच्या अणूशीं संबद्ध अशीं 9,19,26,31,770 आंदोलनें झालीं कीं एक सेकंद, अशी व्याख्या 1967 सालीं ठरली.

ही शुद्ध वेळ संगणकास आणून देण्याची रीत डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें 1985 च्या सुमारास रूढ केली. संगणक तारेवरून दूरच्या घड्याळास वेळ विचारतो. प्रश्न केव्हां गेला व उत्तर केव्हां आलें हें टिपून ठेवितो. आणि प्रवासांत गेलेल्या काळाचा निम्मा भाग हिशेबांत धरून आपली वेळ सुधारतो. जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागला, हें यांतील गृहीत होय.

पण जेथें जाळें पोहोंचत नाहीं, तेथें काय करावें? तेथें जुन्या नाविकांचीच युक्ति कामीं येते. 1826 सालीं मुंबईस कुलाबा वेधशाळा स्थापन झाली, ती बंदरांतील जहाजांस खरी वेळ मिळावी याही हेतूनें. नाविक आपलें घड्याळ खऱ्या वेळेशीं ताडून त्याची रोजची चूक टिपून ठेवीत व समुद्रांत तेवढी वजाबाकी किंवा बेरीज करीत. समजा, तुम्ही एक तारखेस घड्याळ बरोबर लाविलें व 31 तारखेस तें 45 सेकंद मागें आढळलें. दिवस तीस, म्हणून रोजची चूक दीड सेकंद. पुढें दहा दिवसांनीं तें आणखी 15 सेकंद मागें असणार, हें न पाहतांही सांगतां येईल. लिनक्स प्रणालींतील 'एचडब्ल्यूक्लॉक' ही आज्ञा हेंच गणित करूं शकते. मात्र एका दिवसावरून दर काढूं नये. वाचण्यांत एका सेकंदाची चूक झाली तर ती सारी त्या दरांत उतरते, तीस दिवसांवर ती तिसाव्या हिश्शाची होते.

सेल संपल्यास मात्र कोणतेंही गणित उपयोगीं पडत नाहीं. यंत्र उघडतांच दिनांक कित्येक वर्षें मागें गेलेला दिसतो. आणि सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची मुदत दिनांकावरूनच तपासली जात असल्यामुळें, तीं उघडत नाहींत. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं असें झालें तर काय अनर्थ होईल, याचा पालकांनीं विचार करावा. दिनांक वारंवार मागें जाऊं लागला कीं जाणत्याकडून सेल बदलून घ्यावा. त्याचा खर्च फारच थोडा आहे.

जगांत अगदीं निर्दोष घड्याळ एकही नाहीं. मात्र ज्याची चूक किती व कोणत्या बाजूस, हें नियमानें टिपलेलें आहे, तें घड्याळ विश्वासास पात्र ठरतें. तेव्हां या महिन्यापासून एक वही करा, दर महिन्याच्या एक तारखेस आपल्या संगणकाची वेळ खऱ्या वेळेशीं ताडा, आणि अंतर लिहून ठेवा. वर्षअखेर उन्हाळ्याचे व हिवाळ्याचे आंकडे शेजारीं मांडाल, तर ऋतूंचा इतिहासच त्यांत लिहिलेला दिसेल.