लाल त्रिकोणाच्या आधी

प्रश्न : आमच्याकडे दवाखान्याच्या भिंतीवर उलटा लाल त्रिकोण रंगवलेला असायचा. कुटुंब नियोजन म्हटलं की घरातली जुनी माणसं आणीबाणीच्या गोष्टी काढतात. हे काम सरकारनंच सुरू केलं का?
— एक वाचक, झरी (जि. परभणी)

उत्तर : नाही. सरकार बऱ्याच उशिरा आलं. लाल त्रिकोण १९६० नंतरचा. त्याच्या कितीतरी आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. लंडनमध्ये मारी स्टोप्सबाईंचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. या कामापायी ती नोकरी सुटली. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले, पण आंबेडकरांनी विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. बाजूनं ११ मतं, विरोधात ५२! तुमची परभणी तेव्हा निजामाच्या मुलखात, त्यामुळे हे सगळं परराज्यातलं भांडण.

संस्था उभी राहिली १९४९ मध्ये, तीही मुंबईतच : फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया. पुढे होत्या धन्वंती रामा राव आणि कोलंबोत जन्मलेल्या, कायदा शिकलेल्या पारशी बाई, आवाबाई वाडिया. सरकारी कार्यक्रम १९५२ चा. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्याला ६५ लाख रुपये ठेवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात या संस्थेनं मुंबईत जागतिक परिषद भरवली आणि आठ ठिकाणच्या संस्थांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापला. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर आणि आपल्या धन्वंतीबाई त्याच्या संयुक्त अध्यक्षा. आज त्याची कचेरी लंडनला आहे, जन्म मात्र मुंबईचा. हे मराठी माणसालाही फारसं ठाऊक नसतं. पुढच्याच वर्षी कर्वे गेले.

आता आणीबाणी. कर्वे काय किंवा आवाबाई काय, पाळणा लांबवायचा की थांबवायचा हे बाईनं समजून-उमजून ठरवावं, असं सांगणारी ही माणसं. १९७६ मध्ये त्याच कामाला ‘टार्गेट’ चिकटलं. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते तिथंच अडलं. तरी १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. तुमच्या घरच्यांना आठवतं ते हेच.

त्या धसक्यानंतर पुरुष जे मागे हटले ते हटलेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी जवळजवळ ३८ टक्क्यांमध्ये बाईचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषाची नसबंदी ०.३ टक्के.