कुंडीतील चिंच : वामनवृक्षकलेचे पहिले धडे

वामनवृक्षांच्या प्रदर्शनात शिरलेला माणूस बहुधा तीन प्रश्न विचारतो : या झाडाचे वय किती, याची किंमत किती, आणि हे आपल्या घरी जमेल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे झाडाशेजारच्या चिठ्ठीवर असतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र एक-दोन झाडे दगावल्याखेरीज सहसा मिळत नाही. या कलेवरील पुस्तकांत डौलदार, सिद्ध झालेल्या वृक्षांची छायाचित्रे असतात. नवशिक्याच्या हातून गेलेल्या रोपांची नसतात. म्हणूनच पहिल्या दोन वर्षांत काय घडते आणि ते का घडते, हे जाणून घेणे उपयोगाचे ठरते.

जात नव्हे, रीत

‘बोन्साय’ हा जपानी शब्द आहे. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साय’ म्हणजे लागवड. मराठीत त्याला वामनवृक्ष असे समर्पक नाव मिळाले आहे. या कलेचे मूळ चीनमध्ये सापडते. इ. स. ७०६ मध्ये बांधलेल्या तेथील एका राजपुत्राच्या समाधीतील भित्तिचित्रांत तबकातील लहान झाडे व दगड हाती धरलेले सेवक दिसतात. पुढे ही कला जपानमध्ये रुजली आणि तिथे तिला आजचे रूप आले. १९२३ च्या भीषण भूकंपानंतर टोकियोतील काही वामनवृक्ष-व्यावसायिक शहराबाहेर ओमिया येथे गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी तिथे या झाडांचे गावच वसवले.

नवशिक्याने प्रथम लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी की, वामनवृक्ष ही झाडाची बुटकी जात नसून झाड वाढवण्याची ती एक रीत आहे. ‘बोन्सायच्या बिया’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत साध्या झाडांच्याच बिया असतात. जमिनीत पेरल्या तर त्यांचे पूर्ण उंचीचे वृक्ष होतात. लहानपण येते ते उथळ पात्रामुळे, मुळांच्या ठरावीक काळाने केलेल्या छाटणीमुळे आणि शेंड्यांच्या खुडणीमुळे. आपल्या हवामानात वड, पिंपळ, उंबर, नांदरुक, चिंच, डाळिंब, बोगनवेल आणि कामिनी ही झाडे या रीतीला चांगली दाद देतात.

दिवाणखान्यातील पहिले झाड

उदाहरणादाखल मुंबईत दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणारा, बँकेत बदलीची नोकरी करणारा एक नवशिका डोळ्यांसमोर आणावा. मे महिन्यातील एका प्रदर्शनात त्याला नांदरुकाचे एक तयार झाड आवडले. जाड बुंधा, उघडी पडलेली मुळे, वर गर्द हिरवा पसारा. एवढी मोलाची वस्तू गॅलरीच्या कोपऱ्यात कशी ठेवायची, म्हणून ती दिवाणखान्यात दूरदर्शन संचाशेजारी विराजमान झाली.

दहा दिवसांत पाने पिवळी पडू लागली. नवशिक्याच्या मनात आले, झाडाला पाणी कमी पडत असावे. त्याने पाणी वाढवले. पाने अधिक गळली, तेव्हा पाणी आणखी वाढले. शेवटी पोषण कमी पडत असेल या समजुतीने त्याने खतही घातले. जुलैअखेर फांद्या उघड्या झाल्या. नखाने साल किंचित खरवडल्यावर आत हिरवा थर दिसला तर ती फांदी जिवंत असते. सुरुवातीला हा हिरवा थर सर्वत्र दिसत होता. ऑगस्टमध्ये तो कुठेच दिसेना.

झाड कुंडीतून काढले तेव्हा खरे कारण कळले. निरोगी मुळे पांढरट व घट्ट असतात. ही काळी, बुळबुळीत झाली होती आणि त्यांना कुजका वास येत होता. बँकेतील सवयीने त्याने पहिल्या दिवसापासून एक नोंदवही ठेवली होती. ती उघडल्यावर पंचाहत्तर दिवसांत चौसष्ट वेळा पाणी घातल्याची नोंद निघाली. तीही बहुतेक पावसाळ्यातली, जिथे ऊन पोहोचत नाही अशा खोलीतली.

नांदरुकाच्या वर्गातील झाडे जागा बदलली की काही पाने गाळतात. ती नव्या प्रकाशाशी जुळवून घेत असतात, आणि त्यांना तेव्हा उजेड व थोडी सवड एवढेच हवे असते. पानगळ झालेले झाड पाणीही कमी पिते. अशा वेळी दिलेले जादा पाणी मातीत साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभे असलेले झाड तहानेने कोमेजल्यासारखे दिसते, आणि मालक पुन्हा पाणी घालतो. नवशिक्यांची झाडे दुर्लक्षाने जितकी जातात, तितकीच ती अशा मायेनेही जातात.

यातून दोन नियम निघतात. वामनवृक्ष हे उघड्यावरचे झाड आहे. ते पाहुण्यांसाठी एखादा दिवस घरात आणावे, त्याचा मुक्काम गॅलरीत किंवा गच्चीवरच असावा. दुसरे, पाणी घड्याळ पाहून घालू नये. बोट पेरभर मातीत घालून पाहावे, माती सुकत आली असेल तरच पाणी द्यावे. आणि देताना तळाच्या भोकातून वाहून जाईपर्यंत द्यावे. कुंडीखालची बशी पावसाळ्यात काढून ठेवावी.

चिंचोक्यापासून रोप

त्याच जूनमध्ये या नवशिक्याने दुसराही एक प्रयोग आरंभला होता आणि तो अगदी बिनखर्चाचा होता. स्वयंपाकघरातील चिंचेतून निघालेले बारा चिंचोके त्याने एक दिवस पाण्यात भिजवले. चिंचोक्याचे कवच कठीण असते; भिजवल्याने, किंवा कडेला कानशीने हलकेच घासल्याने पाणी आत शिरते आणि अंकुर लवकर फुटतो. तळाला भोके पाडलेल्या दह्याच्या रिकाम्या डब्यांत ते बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर पेरले गेले. दुसऱ्या आठवड्यात नऊ रोपे वर आली. चिंचोक्याच्या दोन जाड दलिका कमानीसारख्या मातीतून उठतात, उलगडतात आणि मधून खरी, पिसासारखी पाने डोकावतात. संध्याकाळी ही पाने मिटतात. रोप मरगळले या समजुतीने पहिल्याच संध्याकाळी पाण्याचे भांडे उचलणाऱ्याने सकाळपर्यंत थांबावे.

नऊपैकी चार रोपे पुढच्या आठवड्यात जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली. याला रोपे कोलमडणे म्हणतात. मातीतील बुरशी कोवळ्या खोडावर हल्ला करते. सतत ओली माती, दाट पेरणी आणि कोंदट हवा तिला पोषक ठरते. पडलेले रोप परत उभे राहत नाही. ते काढून टाकावे, बाकीची मोकळ्या हवेत हलवावीत आणि वरची माती कोरडी होऊ द्यावी. उरलेली पाच रोपे अशी वाचली.

रोपे वीतभर झाली की पावसाळी दिवस पाहून मोठ्या कुंडीत हलवावीत. या वेळी सरळ खाली जाणाऱ्या सोटमुळाचा सुमारे तिसरा हिस्सा कापतात. पहिल्या वेळी हात थरथरतो. पण त्यामुळेच बाजूची तंतुमुळे वाढतात आणि पुढे उथळ पात्रात झाड पसरून बसू शकते. केवळ बागेची माती वापरू नये, ती लहान कुंडीत घट्ट बसते. एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले, चाळलेले शेणखत आणि दोन भाग जाड वाळू किंवा मुगाएवढा विटांचा चुरा हे मिश्रण सोयीचे असते. चाळणीखालची बारीक धूळ फेकून द्यावी. निचरा अडवते ती हीच. मुळे कापल्यावर दोन-तीन आठवडे सावली द्यावी आणि महिनाभर खत देऊ नये.

पन्हाळीतला पिंपळ

जुलैत नवशिक्याच्या शाखेच्या इमारतीवरील पन्हाळीजवळ उगवलेला पिंपळ सफाई कामगाराने उपटला. वड-पिंपळाची फळे पक्षी खातात, त्यांच्या विष्ठेतून बारीक बिया भिंतींच्या फटींत पडतात आणि पावसाळ्यात रुजतात. वाढत्या मुळांनी भिंत फाटते, म्हणून अशी रोपे काढावीच लागतात. कचऱ्यात जाणारे ते रोप त्याने ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेले. मुळे तुटली असल्याने त्याची बहुतेक पाने देठ राखून कापली, वाळूमिश्रित मातीत लावले आणि सावलीत ठेवले. तीन आठवडे काहीच घडले नाही. चौथ्या आठवड्यात तांबूस कोंब दिसला. विकत घेतलेले झाड गेले आणि फेकलेले जगले, हा त्या पावसाळ्याचा हिशेब होता.

आईचा प्रश्न

पिंपळ घरात आला आणि आईची नापसंती व्यक्त झाली. पिंपळ घरात ठेवू नये हा एक भाग झाला. तिचा खरा प्रश्न निराळा होता. “एवढं मोठं होणारं झाड, त्याला खुंटवून ठेवायचं कशाला?” वामनवृक्ष पाळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधीतरी ऐकावा लागतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

झाड उपाशी ठेवून लहान राखले जाते, हा समज खरा नाही. उपाशी झाड रोगट होते, त्याला पालवी फुटत नाही. वामनवृक्षाला खत, ऊन व ताजी माती वेळोवेळी मिळावीच लागते. छाटणी सोसते ते सशक्त झाडच. नाशिकचा द्राक्षबागायतदार वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो. त्याला कोणी वेलीचा वैरी म्हणत नाही. तथापि या उत्तराने आईचे पूर्ण समाधान झाले नाही. तेव्हा पाचांपैकी एक चिंच गावच्या घरामागे जमिनीत लावावी असे ठरले. तिला कोणी कात्री लावायची नाही.

लहानपणासाठी आधी वाढ

दोन वर्षांनी गावी गेल्यावर त्या चिंचेने नवशिक्याला सर्वांत मोठा धडा दिला. जमिनीतील झाड आईच्या डोक्यावर गेले होते आणि त्याचा बुंधा अंगठ्याहून जाड झाला होता. कुंडीतील त्याची भावंडे मात्र अजून पेन्सिलीएवढीच होती. त्याने त्यांना घाईने उथळ ताटलीत बसवले होते आणि प्रत्येक नवा शेंडा खुडला होता. बुंधा जाड होतो तो पानांनी तयार केलेल्या अन्नाने. पानेच खुडली तर जाडी येणार कोठून? म्हणून जाणकार रोपाला आधी काही वर्षे जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मुक्त वाढू देतात, बुंधा हवा तेवढा झाल्यावरच उंची कमी करतात आणि उथळ पात्र सर्वांत शेवटी देतात. ज्याला पुढे लहान राखायचे आहे, त्याला आधी मनसोक्त वाढू द्यावे लागते.

तारेच्या वापरातही हीच घाई नडते. फांदीला वळण देण्यासाठी तिच्या सुमारे तृतीयांश जाडीची ॲल्युमिनियमची तार तिरप्या वेढ्यांनी गुंडाळतात. पिंपळवर्गीय झाडे पावसाळ्यात इतक्या वेगाने वाढतात की, काही आठवड्यांतच तार सालीत रुतते. दर आठवड्याला पाहणी करावी आणि तार उलगडत न बसता तुकडे करून कापून काढावी. सालीवरचा वण वर्षानुवर्षे राहतो. तार मात्र पुन्हा बांधता येते.

बदली

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये नवशिक्याची बदली इंदूरला झाली. बाग सोबत नेता येत नाही. कुंड्या नेता आल्या. पण मुंबईच्या दमट हवेत दिवसाआड पाण्यावर भागणारी झाडे इंदुरच्या कोरड्या, चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात दुपारपर्यंत माना टाकू लागली. उथळ पात्रातील माती तासाभरात तापते. हिरवी जाळी, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पाणी आणि कुंड्यांखाली ओली वाळू भरलेले ताट या उपायांनी तीन चिंचा व पिंपळ तरले. एक चिंच प्रवासानंतर गेली. नोंदवहीत त्या पानावर त्याने तारीख लिहिली आणि पुढे कारण लिहिले : जुने वेळापत्रक नव्या गावी वापरले.

कोणाच्या हाती

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वामनवृक्ष संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो कुंडीत जोपासला गेला आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा तो स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होता आणि तिच्या उंच भिंतीआड वाचला. १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला दिलेल्या वामनवृक्षांच्या भेटीत तोही गेला. तो हिरोशिमातून वाचलेला आहे हे संग्रहालयाला कळले २००१ मध्ये, देणाऱ्याचे नातू त्याला भेटायला आले तेव्हा. ज्याने तो प्रथम कुंडीत लावला, त्याच्यानंतर कित्येक पिढ्यांनी त्याला रोज पाणी घातले आहे.

मुदत ठेवीत पैसे एकदा ठेवले की काम संपते. वामनवृक्ष आवर्ती ठेवीसारखा आहे : हप्ता लहान, पण चुकवून चालत नाही, आणि तो खातेदारापेक्षा दीर्घायुषी निघू शकतो. म्हणून नवशिक्याने पहिल्या वर्षी आकाराचा विचारच करू नये. पाच चिंचोके भिजवावेत, एक वही घ्यावी आणि आधी झाड जगवायला शिकावे. रजेवर जाताना शेजाऱ्याला पाणी कसे घालायचे तेही शिकवावे. झाड कोणाच्या तरी हाती सोपवण्याचा पहिला सराव तोच असतो.

गावच्या घरामागची चिंच आता कुंपणाबाहेर डोकावते. तिच्या सावलीला बसता येण्यास अजून बरीच वर्षे आहेत. आई तिला उन्हाळ्यात पाणी घालते आणि इंदूरहून फोन आला की आधी कुंडीतल्या तिघींची चौकशी करते.